इंदूरहून परराष्ट्र मंत्रालयाच्या इंटर्नशिपसाठी अर्ज: स्टेटमेंट, कागदपत्रं आणि मुलाखत

प्रश्न: मॅडम, मी इंदूरला बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र मुख्य विषय. या उन्हाळ्यात परराष्ट्र मंत्रालयात किंवा तशाच एखाद्या सरकारी संस्थेत इंटर्नशिप नाहीतर फेलोशिप करायची आहे. बारावीला ८३ टक्के होते, कॉलेजचा सीजीपीए चांगला आहे. घरी म्हणतात, या गोष्टी दिल्लीच्या मुलांसाठी असतात, शिवाय ओळख लागते. अर्जासोबतच्या स्टेटमेंटमध्ये, म्हणजे मला हे का करायचंय ते सांगणाऱ्या टिपणात, काय लिहायचं तेच सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

आधी घरच्यांच्या शंकेचं बघू. ती मनात राहिली की मुलं अर्ज अर्ध्या मनाने भरतात आणि तो तसाच दिसतो. परराष्ट्र मंत्रालयाने काही वर्षांपूर्वी इंटर्नशिपचे नियम बदलले. आता प्रत्येक राज्याचा आणि केंद्रशासित प्रदेशाचा वाटा ठरलेला असतो, मुलींना किमान प्रतिनिधित्व मिळावं अशी तरतूद आहे, आणि आकांक्षी जिल्ह्यांमधल्या, म्हणजे विकासात मागे राहिलेले म्हणून केंद्राने निवडलेल्या जिल्ह्यांमधल्या, उमेदवारांना वेगळा भार मिळतो. मध्य प्रदेशात असे आठ जिल्हे आहेत. त्यांतले बडवानी आणि खंडवा आपल्या इंदूर विभागातच येतात. तुझ्या घराण्याचं मूळ गाव तिकडचं असेल तर मूळ निवासाचा कागद कुठला लागतो ते नीट पाहून घे. नसेल तरी तुझी स्पर्धा मुख्यतः मध्य प्रदेशातल्या मुलांशी आहे, दिल्लीतल्या सगळ्या कॉलेजांशी नाही. पहिली चाळणी बारावीच्या आणि पदवीच्या गुणांवर होते, नंतर मुलाखत. ओळखीसाठी या रचनेत फारशी जागाच ठेवलेली नाही, हे बाबांना पोर्टलवरचे नियम उघडून दाखव. आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या मुली अर्जच करत नाहीत. मला खरं दुःख त्याचं आहे.

आता पात्रता. अर्जदार भारतीय नागरिक हवा, इंटर्नशिपच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय २५ च्या वर नको, आणि इंटर्नशिप सुरू होण्याआधी पदवी हातात हवी. शेवटच्या वर्षात असशील तर इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असला पाहिजे. तुझ्या बाबतीत सगळं या शेवटच्या अटीवर अडतं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप किंवा प्रोजेक्ट असतोच, पण ‘असतोच’ एवढ्याने काम होत नाही. विभागप्रमुखांकडून कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, तुझ्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप अनिवार्य आहे असं स्पष्ट लिहून घे. ते मिळत नसेल तर निकाल लागल्यावर पुढच्या सत्रासाठी अर्ज कर. मुदत एक ते तीन महिन्यांची असते. सत्रांच्या तारखा दर वेळी जाहिरातीत येतात, त्या मंत्रालयाच्या इंटर्नशिप पोर्टलवरच बघ, कुणी फॉरवर्ड केलेल्या पोस्टवर विसंबू नकोस.

उन्हाळ्याचा तुझा हट्ट मला समजतो, पण आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा कधी मे, कधी जून अशा सरकतात. वेळापत्रक लागायच्या आधी एप्रिल-मेची तारीख देऊन बसलीस आणि नेमका त्यात पेपर आला, तर दोन्हीकडून ओढाताण. अर्जात कालावधी निवडता येत असेल तर परीक्षा संपल्यानंतरचा निवड.

आता स्टेटमेंट. इथे मी जास्त बोलणार आहे, कारण गुणांच्या चाळणीनंतर मुलाखतीतले प्रश्न इथूनच निघतात. मी इंदूरमध्ये राज्यशास्त्र शिकवते, आणि दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेच्या निवड समितीवरही काम केलंय. गठ्ठ्यातल्या बहुतेक अर्जांची सुरुवात एकाच साच्यातली असते: भारत महासत्ता होण्याच्या उंबरठ्यावर आहे, बदलत्या जागतिक व्यवस्थेत भारताची भूमिका महत्त्वाची आहे, लहानपणापासून मला परराष्ट्र धोरणाची आवड आहे. यात खोटं काही नाही. पण वाचणाऱ्याला या मुलीबद्दल काहीही कळत नाही. तेच वाक्य लखनौच्या मुलाने लिहिलंय, कोचीच्या मुलीनेही. समितीला शोधायची असते ती अशी व्यक्ती, जिच्याकडे स्वतःचा एक प्रश्न आहे आणि त्या प्रश्नामागे जाऊन तिने थोडं तरी काम केलंय. तो प्रश्न जितका जवळचा, तितका तो पटतो. आणि इंदूरमध्ये परराष्ट्र धोरण सापडायला लांब जावं लागत नाही.

छावनीच्या मंडीत जा. सोयाबीनचा भाव विचार. मग तेलाच्या डब्याचा भाव विचार. या दोन भावांच्या मधे आपलं निम्मं आग्नेय आशियाचं धोरण आहे. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो: पाम तेल इंडोनेशिया-मलेशियाकडून, सोया तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलकडून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनकडून. बाहेरचं तेल स्वस्त आलं की माळव्यातल्या शेतकऱ्याच्या सोयाबीनला भाव मिळत नाही. ते महागलं की शहरातल्या स्वयंपाकघराला चटका बसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या भागात शेतकरी सोयाबीनला सहा हजार रुपये क्विंटल मागत ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते, तेव्हा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मंडीतला भाव त्याच्याही खाली. त्याच महिन्यात केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. हा निर्णय अर्थ मंत्रालयाचा दिसतो, पण त्याचे धक्के जकार्तापासून ब्युनोस आयर्सपर्यंत जातात आणि तिथल्या आपल्या दूतावासांना त्यावर उत्तरं द्यावी लागतात.

त्याच्या आधीची दोन उदाहरणं तर अभ्यासालाच ठेवल्यासारखी आहेत. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत काश्मीरबद्दल कडक बोलले, पुढे नागरिकत्व कायद्यावरही बोलले. ८ जानेवारी २०२० ला भारताने रिफाइंड पाम तेलाची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’, म्हणजे परवाना लागेल अशी, केली. अधिसूचनेत कुठल्याही देशाचं नाव नव्हतं. फटका मुख्यतः मलेशियाला बसला. दुसरं, एप्रिल २०२२: इंडोनेशियाने घरच्या बाजारात तेल महागलं म्हणून पाम तेलाची निर्यातच थांबवली. २८ एप्रिलला बंदी, २३ मेला उठवली. युक्रेनमधून सूर्यफूल तेल आधीच येईनासं झालं होतं. त्या काही आठवड्यांत आपल्याकडच्या किराणा दुकानांत काय भाव होते ते तुझ्या आईला आठवत असेल.

आता हे स्टेटमेंटमध्ये कसं येतं ते बघ. अर्ज इंग्रजीत जाईल, मी मराठीत सांगते: ‘मी इंदूरची आहे. माळव्यात सोयाबीन हे खरिपाचं मुख्य पीक. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं आणि मे २०२५ मध्ये कमी झालं. या दोन निर्णयांच्या काळात इंडोनेशिया आणि मलेशियाकडून होणारी आयात कशी बदलली, हे मी वाणिज्य मंत्रालयाच्या आकडेवारीतून पाहिलं. शुल्काचा निर्णय आणि आसियानबरोबरच्या व्यापार कराराचा आढावा या दोन गोष्टी परराष्ट्र मंत्रालयात एकमेकींशी कशा जोडल्या जातात, ते मला शिकायचं आहे.’ चार-पाच वाक्यं. त्यात गाव आहे, तारीख आहे, तू केलेलं काम आहे आणि मंत्रालयात येऊन तुला काय हवंय तेही आहे. ‘आवड’ हा शब्द एकदाही आला नाही, तरी आवड दिसते.

आकडेवारी काढलीस असं लिहिणार असशील तर ती खरंच काढ. वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यातीच्या संकेतस्थळावर देश आणि वस्तूचा कोड टाकला की वर्षवार आकडे मिळतात. सोया तेलाचा कोड १५०७, पाम तेलाचा १५११, सूर्यफुलाचा १५१२, सोयाबीनच्या पेंडीचा २३०४. एका संध्याकाळचं काम आहे. तक्ता करून ठेव, मुलाखतीत विचारलं तर समोर असेल. पेंडीचा कोड मुद्दाम सांगितला, कारण तिथेही एक धागा आहे. आपली सोया पेंड जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याची, म्हणून बाहेर तिला वेगळं गिऱ्हाईक आहे. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीखाद्य महागल्यामुळे सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेली पेंड आयात करायला परवानगी दिली. अमेरिकेबरोबरच्या व्यापार चर्चेत मका आणि सोयाबीनचा विषय येतो तो याच वाटेने. सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांची देशपातळीवरची संघटना, सोपा, आपल्या इंदूरलाच आहे. त्यांची पत्रकं आणि पिकाचे अंदाज वाच. दिल्लीत बसलेल्या मुलाला हे घरबसल्या मिळत नाही, तुला मिळतं.

सोयाबीन तुझ्या मनाला भिडत नसेल तर सोडून दे, उगाच माझं उदाहरण उचलू नकोस. जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी भारतीय दिवस इंदूरला झाला, गयानाचे राष्ट्राध्यक्ष इरफान अली आणि सूरीनामचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चंद्रिकाप्रसाद संतोखी इथे येऊन गेले, कित्येक कुटुंबांनी परदेशी पाहुणे घरी ठेवले. गयानामध्ये २०१५ पासून समुद्रात मोठे तेलसाठे सापडले आहेत. इंग्रजांच्या काळात करारावर तिकडे नेलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज आणि कच्चं तेल या दोन गोष्टी एकाच देशात भारताला कशा भेटतात, हा सुरेख प्रश्न आहे आणि तो तुझ्या शहरात पाहुणा म्हणून आला होता. इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतली औषधं आणि गाड्या कुठल्या कुठल्या देशांत जातात, हा आणखी एक. युक्रेनमधून २०२२ ला ऑपरेशन गंगामध्ये परत आलेल्या एमबीबीएसच्या मुलांचं पुढे काय झालं, परदेशी पदवीच्या मान्यतेचं काय, हाही. ओळखीत असं कुणी असेल तर त्यांच्याशी बस, पण त्यांचं नाव अर्जात घालू नकोस.

इतिहासात रमणारी असशील तर रेसिडेन्सी भागातून जाताना एक विचार कर. होळकर आणि इंग्रज यांच्यातली महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ची. त्यानंतर ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, होळकरांच्या बाजूने तात्या जोग बोलणी करत होते आणि समोर इंग्रजांचे जॉन माल्कम. त्या तहाने होळकरांचा इतर सत्तांशी स्वतंत्रपणे व्यवहार करण्याचा अधिकार गेला आणि इंग्रजांचा रेसिडेंट इंदुरात बसला. राज्य उरलं, गादी उरली, परराष्ट्र व्यवहार मात्र गेला. सार्वभौमत्वाचा धडा मी वर्गात युरोपातल्या वेस्टफालियाच्या तहापासून नाही, इथून सुरू करते.

मराठीही अर्जात लपवू नकोस. भाषांच्या रकान्यात आपली मुलं इंग्रजी-हिंदी लिहून थांबतात. मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे, तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. इस्रायलमध्ये कोकणातून गेलेले बेने इस्रायल आहेत, त्यांच्या जुन्या पिढीची बोली मराठीच. परदेशस्थ भारतीयांशी संबंधित विभागासाठी ही गोष्ट कामाची असू शकते. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही लिही आणि प्रत्येकीपुढे वाचणं, लिहिणं, बोलणं किती येतं तेही.

अभ्यासाचं साहित्य. यूपीएससीच्या जाडजूड गाइडवर पैसे घालू नकोस. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशासोबतच्या संबंधांचं एक टिपण असतं, संयुक्त निवेदनं असतात, प्रवक्त्यांच्या साप्ताहिक पत्रकार परिषदेचा शब्दशः मजकूर असतो, आणि लोकसभा-राज्यसभेत खासदारांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही तिथेच असतात. ही संसदेतली उत्तरं नेमाने वाच. सरकार नेमकं काय म्हणतं, काय म्हणायचं टाळतं, कुठला शब्द पुन्हा पुन्हा येतो, हे तिथे दिसतं. परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समितीचे अहवालही उघडे असतात आणि ते फार चांगले असतात. तुझ्या विषयाला लागणारी तीन-चार टिपणं खोलवर वाच, चाळीस देश वरवर नकोत.

कागदपत्रांकडे येते. इथे आपल्या मराठी घरांतल्या मुलांची एक खास अडचण असते आणि ती ऐन शेवटच्या दिवशी उघडी पडते. आपल्या आधारवर बऱ्याचदा स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही असतं. इथल्या मार्कशीटवर मुलीच्या नावापुढे नुसतं आडनाव, वडिलांचं नाव खालच्या वेगळ्या ओळीत. पोर्टलवर एक नाव, मार्कशीटवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तर विचारूच नकोस, ‘व’ साठी कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि स्पेलिंग धरून अर्ज भर, कारण जन्मतारखेचा पुरावाही तोच असतो. बाकी कागद त्याच्याशी जुळत नसतील तर दुरुस्तीचा अर्ज आजच टाक. निदान पासबुक तरी जुळलंच पाहिजे, मानधन तिथे येणार आहे.

मूळ निवासी प्रमाणपत्र लोक सेवा केंद्रातून मिळतं, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांना दिलेला क्रमांक) जवळ ठेव. राज्याचा वाटा मागायचा तर हा कागद लागू शकतो, तेव्हा जाहिरातीची वाट न बघता काढून ठेव. सीजीपीएचे टक्के स्वतःच्या हिशेबाने करू नकोस. विद्यापीठाचं जे अधिकृत सूत्र आहे त्याने कर आणि ते सूत्र छापलेलं पान सोबत जोड. बाकी फोटो, सही, पीडीएफचा आकार हे पोर्टल सांगतं तसं. अर्जाला फी नाही. भंवरकुव्याच्या कोचिंग क्लासांकडे किंवा इंस्टाग्रामवर कुणी ‘फॉर्म भरून सिलेक्शन करून देतो’ म्हणत पैसे मागत असेल तर सरळ पाठ फिरव.

शिफारसपत्र मागितलं असेल तर ज्यांनी तुला खरोखर शिकवलंय त्यांच्याकडूनच घे. नगरसेवक, आमदार, मोठ्या पदावरचे काका यांचं पत्र जोडू नकोस, त्याने अर्ज हलका होतो. पत्र मागताना सरांना तुझं स्टेटमेंट, तुझा एखादा चांगला निबंध आणि शेवटची तारीख हे तिन्ही दे, आणि किमान दोन आठवडे आधी दे. ‘विद्यार्थिनी हुशार व होतकरू आहे’ एवढंच पत्र आलं तर नम्रपणे सांग की तुमच्या पेपरमधल्या माझ्या प्रोजेक्टचा उल्लेख कराल का. आम्हा शिक्षकांना याचा राग येत नाही. उलट लिहायला सोपं जातं.

मुलाखत बहुधा व्हिडिओवर होते. घरात शांत कोपरा शोध, लाइट गेली तर मोबाइलचं नेट तयार ठेव, आणि कुकरच्या शिट्टीची वेळ आईला आधी सांगून ठेव. प्रश्न स्टेटमेंटमधूनच निघतात, म्हणून त्यातल्या एकेका शब्दाचा हिशेब देता आला पाहिजे. समजा तू पाम तेल लिहिलंयस. कुणी विचारेल, ‘२०२० मध्ये भारताने मलेशियाला धडा शिकवला, बरोबर ना?’ हा साधा प्रश्न नाही. इथे जोरात ‘हो’ म्हणणारी मुलं मी बघितली आहेत, आणि त्यांचे गुण तिथेच कमी झाले. बरं उत्तर असं चालतं: अधिसूचना कुठल्या देशाचं नाव न घेता निघाली होती, सरकारने ती सर्व देशांना लागू असल्याचं सांगितलं, पण वेळ आणि परिणाम पाहता माध्यमांनी आणि व्यापाऱ्यांनी तिचा संबंध मलेशियाच्या वक्तव्यांशी जोडला, माझं स्वतःचं मत अमुक आहे. नोंदलेली गोष्ट, लोकांचा अर्थ आणि आपलं मत या तिघांना वेगळं ठेवणं हीच त्या कचेरीतल्या कामाची पहिली अट आहे. पुढचा प्रश्न येईल, ‘मग तुमच्या शेतकऱ्याचं काय?’ तेव्हा माळव्याची बाजू जिव्हाळ्याने मांड, पण इंडोनेशियाने २०२२ मध्ये आपल्या लोकांसाठी निर्यात थांबवली तेव्हा आपण काय म्हणत होतो, हेही लक्षात ठेवून बोल.

शेजारी देशांवर एक प्रश्न जवळजवळ नक्की असतो. श्रीलंका २०२२ चं संकट आणि भारताची सुमारे चार अब्ज डॉलर्सची मदत, बांगलादेश, नेपाळ, मालदीव, यांतल्या दोन देशांची ताजी स्थिती त्या आठवड्यापर्यंत माहीत असू दे. माहीत नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ एवढंच म्हण आणि थांब. गोल गोल बोलणं समितीला लगेच कळतं. इंग्रजी सफाईदार नाही म्हणून घाबरू नकोस. छोटी वाक्यं बोल. हिंदीत उत्तर देऊ का असं विचारण्यातही काही वावगं नाही.

एकाच दारावर थाप मारून बसू नकोस. दिल्लीच्या सप्रू हाउसमधली भारतीय जागतिक कार्य परिषद ही १९४३ ची संस्था, १९४७ ची आशियाई संबंध परिषद तिनेच भरवली होती. तिथे इंटर्न घेतात. संरक्षण आणि सुरक्षेकडे ओढा असेल तर मनोहर पर्रिकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था. तुझा तेलाचा प्रश्न असेल तर विकसनशील देशांसाठी संशोधन करणारी आरआयएस ही संस्था सगळ्यात जवळची, कारण व्यापार आणि परराष्ट्र धोरण यांच्या सांध्यावरच त्यांचं काम चालतं. नीती आयोगाचं पोर्टल दर महिन्याच्या १ ते १० तारखेला उघडं असतं, पण पदवीच्या विद्यार्थ्यांना बारावीला ८५ टक्क्यांची अट आहे, त्यामुळे ८३ टक्क्यांवर आत्ता तिथे वेळ घालवू नकोस. एमए करताना अर्ज केलास तर तिथे पदवीचे गुण बघतात, तेव्हा विचार कर. आणि या सगळ्यात काही जमलं नाही तर महिनाभर पीथमपूरच्या एखाद्या निर्यातदाराच्या ऑफिसात कागद बघ. बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची पावती), मूळ देशाचं प्रमाणपत्र, कस्टमचे कोड, या गोष्टी हाताखालून गेलेली मुलगी पुढच्या वर्षीच्या मुलाखतीत वेगळीच दिसते. मी तर म्हणते, निवड झाली तरी जाण्याआधी एक आठवडा हे करून जा.

निवड झाली तर पैशाचं गणित घरी आधीच मांड. मानधन महिन्याला १०,००० रुपये, शिवाय तुझ्या राज्यातून किंवा कॉलेजच्या गावातून दिल्लीला जाण्यायेण्याचं साध्या वर्गाचं विमानभाडं एकदा मिळतं. राहण्याची सोय आपली आपण. मंत्रालयाची कार्यालयं असलेल्या जनपथवरच्या जवाहरलाल नेहरू भवनाच्या आसपास राहणं परवडणार नाही, म्हणून मेट्रोच्या थेट मार्गावरची मुलींची पीजी बघ. करोल बाग, पहाडगंज भागात मराठी माणसं जुनी आहेत, घरून कुणी ओळखीचं निघालं तर पहिले चार दिवस तिथे उतरून मग स्वतः डोळ्यांनी खोली बघून ठरव. फोटोवर डिपॉझिट पाठवू नकोस. मानधन उशिरा हातात येईल असं धरून पहिल्या महिन्याचा खर्च घरून ने.

तिथे तुला एखाद्या विभागाशी जोडतील, एक विषय देतील, आणि शेवटी अहवाल व सादरीकरण करावं लागेल. तो अहवाल मंत्रालयाचा असतो, परवानगीशिवाय कुठे छापायचा किंवा टाकायचा नाही. आत काय पाहिलं, कुणाच्या टेबलावर काय होतं, यावर स्टेटस ठेवायचा नाही. पहिल्याच दिवशी आपल्या मार्गदर्शक अधिकाऱ्यांना विचार की हा अहवाल वाचणार कोण आहे आणि त्यांना किती पानांत हवाय. चाळीस पानांपेक्षा आठ पानं आणि एक स्वच्छ तक्ता जास्त वाचला जातो.

तुझा मसुदा झाला की मला दाखव. एका पानाच्या वर नको, आणि पहिल्या परिच्छेदात इंदूर दिसलं पाहिजे. निवडीचा ईमेल आला तर तिकीट काढायची घाई करू नकोस, ते कुठून आणि कुठल्या दराने काढायचं याची सूचना त्यात असते ती आधी वाच, आणि दोन्ही बाजूंचे बोर्डिंग पास व पावत्या परतफेडीच्या अर्जासाठी एका पाकिटात ठेव.